सोनखताची वाट: कणकवली, देहू, विवळवेढे

माणसाच्या मैल्याचे उत्तम खत होते, हे महाराष्ट्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 पासून मैल्यातून निघणाऱ्या वायूवर दिवे लागत. 1907 पर्यंत त्यावर इंजिनही चालू लागले. पण गावोगावी मैला पाटीत भरून डोक्यावरून वाहणारी माणसे ठरावीक जातींचीच असत. खताचा हिशेब झाला, या माणसांचा कुणी केला नाही. म्हणून हा मागोवा मी माटुंग्यापासून नाही, कोकणातल्या गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांपासून घेतो.

1932 मध्ये अप्पा रत्नागिरीच्या तुरुंगात होते. संडास साफ करण्याचे काम आपल्याला द्यावे, असा त्यांचा हट्ट. ब्राह्मण कैद्याला ते काम देता येणार नाही, असे सरकारचे म्हणणे. अप्पांनी अन्न तोडले आणि डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास सुरू केला. हा माणूस 1948 मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम काढतो, तेव्हा तिथे मेलेल्या जनावरांच्या कातड्याचे काम आणि संडास हेच विषय मध्यभागी असावेत, यात नवल नाही.

गोपुरी संडास म्हणजे शेजारी शेजारी बांधलेले दोन कप्पे. एक वापरात, दुसरा बंद. दर वेळी वरून मूठभर माती, राख किंवा सुका पाला टाकायचा. पहिला भरला की झाकून दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मैल्याची माती झालेली असते. मागची झडप उघडून फावड्याने ओढली की काळसर, भुसभुशीत खत बाहेर येते, त्याला घाण येत नाही. घरातला कुणीही ते पाटीत भरून परसात नेऊ शकतो. अप्पांचे मोठेपण मला इथे दिसते. पिकाला खत मिळाले आणि ते उचलण्यासाठी वेगळी जात लागेनाशी झाली, दोन्ही एकाच बांधकामात.

1959 मध्ये डॉ. सुहास मापुसकर देहूच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. तुकोबांच्या गावात लोक उघड्यावरच जात. जंत आणि हगवणीचे रोगी औषध घेऊन जायचे आणि पुन्हा यायचे. दवाखान्यात बसून हे थांबणार नाही, हे डॉक्टरांनी ओळखले. अप्पांच्या कल्पनेतून आलेले ‘मलप्रभा’ संयंत्र त्यांनी सुधारले. संडास थेट वायुसंयंत्राला जोडलेला. वायू चुलीला, उरलेली मळी शेताला. नत्र आणि स्फुरद मळीतच राहतात, त्यामुळे जळण मिळवताना खत गमवावे लागत नाही. गाव पालटायला काही दशके गेली. 2015 मध्ये डॉक्टर गेले. पद्मश्री 2017 मध्ये मरणोत्तर मिळाली.

भारतातला एक माणूस वर्षाला मलमूत्रातून साधारण 2.7 किलो नत्र आणि 0.4 किलो स्फुरद बाहेर टाकतो, असा अंदाज आहे. नत्राचा मोठा वाटा लघवीत असतो. कॅनडातल्या एडमंटन शहरात 2007 पासून सांडपाण्यात मॅग्नेशियम मिसळून स्फुरदाचे दाणे काढले जाऊ लागले. मुंबईचे बरेचसे सांडपाणी मात्र वरळी आणि वांद्र्याहून नळाने तीन किलोमीटरपेक्षा आत समुद्रात सोडले जाते, आणि खतासाठी लागणारे पोटॅश आपण जवळजवळ सगळे परदेशातून आणतो. हे बघून मला राग येतो.

डहाणू-तलासरीत भाताच्या रोपासाठी वारली शेतकरी आजही पालापाचोळा जाळून राब भाजतो. पण इथल्या पाड्यांवर आता संडास झाले आहेत, म्हणजे खत दारातच आहे. स्वच्छ भारत अभियानाने सुचवलेली दोन खड्ड्यांची रीत गोपुरीसारखीच आहे: दोन खड्ड्यांच्या मध्ये एक लहान चौकोनी कुंडी, तिला दोन तोंडे आणि एका तोंडात वीट बसवलेली. खड्डा भरला की वीट उचलून दुसऱ्या तोंडात घालायची, आणि भरलेल्याला निदान वर्षभर हात लावायचा नाही. जंतांची अंडी चिवट असतात, त्यांना तेवढा काळ द्यावाच लागतो. वीट कधी बदलली हे लक्षात राहिले नाही, तर खड्डा लवकर उघडण्याची भीती असते. डहाणूजवळच्या विवळवेढ्याला चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस महालक्ष्मीची यात्रा भरते आणि झाडून सगळे पाडे तिथे येतात. ग्रामपंचायतींनी यात्रेआधी घरोघर फिरून वीट बदलल्याची तारीख कुंडीच्या झाकणावर रंगवून घ्यावी. ज्यांचे वर्ष भरले असेल त्यांचे खड्डे यात्रा संपताच उघडता येतील. पेरणीला तेव्हा महिना-दीड महिनाच उरलेला असतो.