बैलगाडा शर्यत : नियम पाळा, घाट टिकवा

जुन्नर-आंबेगावच्या घाटात गाडे शेजारी-शेजारी पळत नाहीत. पुढे घोडी, मागे बैल, प्रत्येकाची बारी वेगळी आणि लढत घड्याळाशी. त्यामुळे वाद पेटतो तो सेकंदांवरून.

२०१४ मध्ये बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरवला. काठी-चाबूक आणि विजेचा झटका यांना मनाई आहे.

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत नियम मोडणारा खलाशी पंचाची वाट न बघता होडीला दोन गिरक्या देऊन दंड भरतो. गाडामालकांनो, आपल्या घाटातही हीच रीत रुजवू. चूक झाली तर बारी स्वतःहून सोडा. हरकत असेल तर लगेच पंचांकडे मांडा आणि त्यांचा निकाल माना. बैलांचा जीव आधी, बक्षीस नंतर!