कागद कुठे थांबला?

तहसील कचेरीसमोरचं झेरॉक्सचं दुकान, शाळेचं कार्यालय, वकिलाची खोली, पतसंस्थेचं काउंटर. यांपैकी कुठेही गेलात तरी एक बुटका, फिकट रंगाचा लेझर प्रिंटर भेटण्याची शक्यता दाट. एचपी लेझरजेट १०२०. दुकानदार त्याला नुसतं ‘टेन-ट्वेंटी’ म्हणतात. २००५ च्या सुमारास तो बाजारात आला, पुढे ‘१०२० प्लस’ या नावानं भारतात अनेक वर्षं विकला गेला आणि सातबाऱ्यापासून हॉल तिकिटापर्यंत पडेल ते काम करत राहिला. आता त्यातले बरेचसे म्हातारे झालेत. टोनर संपला तर रिफिल करणारा गल्लीत सापडतो. जीव खाते ती दुसरीच तक्रार: कागद अडकतो. ओढून काढला, की दोन पानांनी पुन्हा अडकतो.

या यंत्राला स्क्रीन नाही. आहेत ते दोन दिवे, एक हिरवा आणि एक नारिंगी. झाकण उघडं राहिलं, कागद संपला, कार्ट्रिज नीट बसली नाही, कागद मध्येच थांबला, तरी इशारा नारिंगी दिव्याचाच. त्यामुळे दिव्याकडे बघत बसण्यात अर्थ नसतो. मुरलेला दुरुस्तीवाला झाकण उघडतो आणि कागदाला हात लावण्याआधी तो कुठे थांबलाय ते बघून घेतो.

कारण अडकल्याचं यंत्राला कळतं ते वेळेवरून. कागदाच्या वाटेवर प्लॅस्टिकचे चिमुकले पाय असतात. दुरुस्तीवाले त्यांना ‘फ्लॅग’ म्हणतात. कागदानं फ्लॅग ढकलला की शेजारच्या सेन्सरला तो आल्याचं समजतं, फ्लॅग परत जागेवर आला की गेल्याचं. मिनिटाला सुमारे १५ पानं छापायची म्हणजे एका पानाला जेमतेम चार सेकंद. ठरल्या वेळेत कागद पोचला नाही, किंवा पोचून पुढे सरकला नाही, की यंत्र मोटार थांबवून दिवा लावतं. म्हणजे तक्रारी दोनच: उशिरा आला, नाहीतर गेलाच नाही. त्या दोन्हींची कारणं वेगळी, आणि उपायही वेगळे.

कागद ट्रेमध्येच राहिला किंवा बोटभर आत जाऊन थांबला, तर संशय पिकअप रोलरवर. इथलं सगळं गणित घर्षणाचं. रोलरच्या रबराची कागदावरची पकड सर्वांत जास्त हवी, खालच्या सेपरेशन पॅडची त्याहून कमी आणि कागदाची कागदावरची सर्वांत कमी. हा क्रम टिकला तर वरचा एक कागद पुढे जातो, बाकीचे पॅडपाशी अडतात. हजारो पानांनंतर रबर गुळगुळीत होऊन चकाकू लागतं, त्यावर कागदाची भुकटी बसते आणि रोलर जागच्या जागी घसरतो. कार्ट्रिज काढली की हा रोलर दिसतो. दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेरच्या बाजूला सरकवल्या की तो हातात येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्यानं रबर घासावं आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवावं. काहीजण त्यावर पॉलिश पेपर फिरवतात. त्यानं पकड येते, पण रबर तेवढं झिजतं. त्यापेक्षा नवा रोलर बरा, आणि त्याच्याबरोबर पॅडही. नवा रोलर आणि जुना पॅड अशी जोडी जमवली, तर एकाऐवजी तीन कागद आत जाऊ लागतात.

रोलर-पॅड बदलूनही एकामागून एक कागद ओढले जात असतील, तर रोलरला एका फेरीपुरता मोकळा सोडणारा छोटा विद्युतचुंबक, सोलेनॉइड, तपासावा. त्यावरचा स्पंजचा तुकडा वयानं चिकट होतो. पट्टी वेळेवर सुटत नाही, रोलर जास्तीची फेरी मारतो. चूक पावपाव सेकंदाची असते, पण दुसरा कागद तेवढ्यात पुढे निघतो.

कागद कार्ट्रिजखाली थांबला तर आधी आतला रस्ता बघावा. मागच्या वेळी फाटलेला एखादा कोपरा तिथे पडून राहिलेला असतो. कार्ट्रिज नुकतीच रिफिल करून आणली असेल, तर दुसरी घालून पाहावी. वेस्ट टोनर न काढता भरलेली किंवा ड्रम जड फिरणारी कार्ट्रिजही कागदाची चाल मंद करते.

कागद पुढचं टोक चुन्या पडलेल्या अवस्थेत मिळाला तर अडचण फ्युजरपाशी आहे. टोनर म्हणजे मुख्यतः प्लॅस्टिकची पूड. ती कागदात वितळवून बसवण्यासाठी फ्युजर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. या यंत्रात जाड तापता रोलर नाही. सिरॅमिक हीटरभोवती फिरणारी पातळ नळीसारखी फिल्म आहे. बाजारात तिला ‘टेफ्लॉन’ म्हणतात. तिच्यामुळे यंत्र झटकन तयार होतं, आणि तीच सर्वांत नाजूक. काटकसरीनं वापरलेल्या पाठकोऱ्या कागदाला राहिलेली एक स्टेपलची पिन तिला चीर पाडते. मग पानावर ठरावीक अंतरानं डाग येतात, कागद तिरका जातो, शेवटी घडी पडून बसतो. फिल्म बदलता येते, पण ते काम सरावाच्या हातांनी करावं.

कागद कुठेच नाही आणि तरी दिवा लुकलुकतोय? मग फ्लॅग मोडलाय, त्याची स्प्रिंग निसटलीय किंवा कागदाचा कपटा त्याला दाबून बसलाय.

कागदाचाही दोष असतोच. उघडा कागद हवेतली ओल शोषतो. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात उघडी ठेवलेली रीम दोन दिवसांत सादळते. अशी पानं एकमेकांना धरून राहतात आणि फ्युजरच्या उष्णतेत गुंडाळतात. रीमचं वेष्टन न फाडता दुमडून बंद ठेवावं, रात्री ट्रेमधले कागदही त्यात परत घालावेत. भरताना गठ्ठा पत्ते पिसल्यासारखा मोकळा करावा. ट्रे १५० कागदांचा आहे म्हणून काठोकाठ भरू नये, आणि बाजूच्या पट्ट्या कागदाला नुसत्या टेकतील एवढ्याच सरकवाव्यात. पानं वळत असतील तर गठ्ठा उलटा करून पाहावा. कोर्टकामाचा जाड हिरवा लेजर पेपर गठ्ठ्यानं न घालता वरच्या फटीतून एकेक द्यावा.

आणि अडकलेला कागद काढायचा कसा? वीज बंद करून, फ्युजर निवू देऊन, दोन्ही हातांनी, सावकाश. जमेल तिथे कागदाच्या जाण्याच्या दिशेनंच. उलटा हिसका दिला की न वितळलेली पूड आत सांडते, फ्लॅग मोडतो, कागद फाटतो. फाटलाच तर तुकडे टेबलावर जुळवून पाहावेत. कोपरा कमी भरला तर तो अजून आत आहे.

एवढा खटाटोप परवडतो याचं कारण या यंत्राच्या वंशात आहे. झेरॉक्स कंपनीत गॅरी स्टार्कवेदर यांनी घडवलेला लेझर प्रिंटर सामान्य टेबलावर आणला तो १९८४ च्या पहिल्या लेझरजेटनं. त्याच्यावर नाव एचपीचं होतं, आतलं इंजिन कॅननचं. ती भागीदारी पुढेही टिकली. म्हणून टेन-ट्वेंटीचा पिकअप रोलर कॅननच्या एलबीपी २९०० लाही चालतो आणि एकाच जातीची कार्ट्रिज दोघांत फिरते. गिऱ्हाईक मोठं, म्हणून सुटे भाग अजून मिळतात आणि शिकलेले हातही.

यंत्राशेजारी एक वही ठेवावी. तारीख, कागद कुठे थांबला आणि कागद कोणता होता, एवढंच लिहावं. नोंदी एकाच जागी जमू लागल्या तर तिथला भाग बदलावा. फक्त पावसात वाढल्या तर रीम सांभाळावी. नोंदी सगळीकडे विखुरल्या, गिअरचे दात झिजले आणि फ्युजर पुन्हा पुन्हा पैसे मागू लागला, की दुरुस्ती थांबवावी. तेव्हाही यंत्र भंगारात देण्याआधी रोलर, सोलेनॉइड आणि फ्लॅग काढून घ्यावेत. दुसऱ्या टेन-ट्वेंटीला ते लागणार आहेत.