ड्रायरचा श्वास कोंडू देऊ नका!

ऑनसाईटला अमेरिकेत गेलेल्या मराठी मंडळींना विचारा, तिथली सगळ्यात मोठी चैन कोणती? रुंद रस्ते, मॉल वगैरे ठीक. पण भर पावसाळ्यात बाल्कनीतल्या दोरीवर तीन-तीन दिवस ओली जीन्स बघितलेल्या माणसाला खरं सुख देतो तो ड्रायर! शनिवारी सकाळी बटण दाबायचं, तासाभरात उबदार, कोरडे कपडे हातात. पण या चैनीची एक अट असते आणि ती भाड्याच्या घराची किल्ली देताना सहसा कुणी सांगत नाही.

ड्रायर करतो काय? गरम हवा कपड्यांतून फिरवतो आणि ती दमट हवा मागच्या साधारण ४ इंची पाईपमधून घराबाहेर सोडतो. या हवेबरोबर कपड्यांची मऊ लव, म्हणजे लिंट, निघते. बरीचशी जाळीत अडकते. उरलेली पाईपमध्ये जाऊन चिकटते. थरावर थर साचतात, हवा तुंबते, मशीन तापतं. आणि लिंट म्हणजे कापसाच्या वातीचीच बहीण. ठिणगीचीच काय ती वाट!

अमेरिकेच्या फायर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने २००८ ते २०१० या वर्षांसाठी केलेला अंदाज बघा : राहत्या इमारतींमध्ये ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे २,९०० आगी, ५ मृत्यू आणि १०० जखमी. आग लागण्याचं सगळ्यात मोठं कारण? साफसफाई न करणं. सर्वाधिक आगी जानेवारीत, ऐन थंडीत.

मशीन इशारा देतं
कपडे वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय? मशीनचा वरचा भाग हाताला चटका देतोय? जळका वास येतोय? ड्रायर चालू असताना बाहेरच्या भिंतीवरची झडप उघडत नाहीये? मग पाईप तुंबलाय, असं समजा.

एवढं कराच
* जाळी प्रत्येक वेळी साफ करा. सुगंधी ड्रायर शीट्स वापरत असाल तर तिच्यावर पातळ थर बसतो. अधूनमधून साबणाच्या पाण्याने धुवा.
* वर्षातून एकदा तरी मागचा पाईप ब्रशने किंवा व्हॅक्युमने साफ करा. भाड्याचं घर असेल तर लीजिंग ऑफिसला लेखी कळवा.
* पाईप प्लास्टिकचा किंवा पातळ फॉईलचा असेल तर कडक धातूचा बसवून घ्या.
* तेलाने माखलेली किचनमधली फडकी ड्रायरमध्ये नकोत. धुतल्यावरही उरलेलं तेल गरम होऊन पेट घेऊ शकतं.
* ड्रायर लावून झोपू नका, बाहेरही पडू नका.
* गॅसवरचा ड्रायर असेल तर कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म हवाच. तुंबलेल्या पाईपमुळे हा बिनवासाचा विषारी वायू घरात पसरू शकतो.

आणि आग लागलीच, तर ड्रायरचं दार उघडू नका. आतल्या आगीला आयती हवा मिळते. घराबाहेर पडा आणि ९११ फिरवा.

पुण्या-मुंबईत वॉशर-ड्रायर घेतलेल्यांनीही हुश्श म्हणू नये! इथल्या बऱ्याच मशीन्सना बाहेर जाणारा पाईप नसतो, पण लिंट असतेच. मॅन्युअलमध्ये फिल्टर आणि कंडेन्सरच्या सफाईचं पान असतं. तेवढं या वीकेंडला उघडा. आणि न्यू जर्सीत कुणी मित्र असेल तर त्याला आजच विचारा, ‘काय रे, ड्रायरच्या मागे कधी डोकावलायस का?’