पेलेट-शेगडी आणि घरांतील धुराचा वास



आपल्यापैकीं कित्येकांची मुलेंबाळें आज अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या थंड भागांत घरें करून राहिलीं आहेत. तिकडच्या पुष्कळ घरांतून हिवाळ्यांत एक निराळ्या प्रकारची शेगडी पेटते; तिला पेलेट-शेगडी म्हणतात. नवी शेगडी बसविली आणि खोलींत धुराचा वास येऊं लागला, अशी तक्रार तिच्याबाबत वरचेवर ऐकूं येते. हा वास कोठून येतो व तो कसा शोधावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम शेगडीची रचना पाहूं. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, सुमारें ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या म्हणजे पेलेट. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या वायव्य भागांत या शेगड्या प्रचारांत आल्या. विजेवर फिरणारें एक मळसूत्र पेटींतील कांड्या थोड्याथोड्या करून जळणाच्या भांड्यांत टाकतें. विजेचाच एक पंखा शेगडीच्या पोटांतील धूर ओढून घेतो आणि नळीवाटे घराबाहेर ढकलतो. या ढकलण्यांतच सारें मर्म आहे. साध्या धुराड्यांत तापलेला धूर आपोआप वर चढतो. तेथें एखादी फट असली तर बहुधा खोलींतील हवाच आंत ओढली जाते. पेलेट-शेगडींत मात्र पंख्याच्या पुढील नळींत दाब असतो. केसाएवढी फट राहिली तरी धूर तींतून खोलींत येतो. म्हणून साध्या धुराड्याला खपणारी ढिलाई या नळीला खपत नाहीं.

वास कोठून येतो हें शोधण्यापूर्वीं तो केव्हां येतो हें पाहावें. निम्मा उलगडा तेथेंच होतो.

पहिल्या एक-दोन वेळां रंग करपल्यासारखा वास आला, तर तो शेगडीवरील नव्या रंगाचा असतो. खिडक्या उघडून शेगडी चांगली तापूं द्यावी. तो वास जातो.

वास फक्त पेटवितांना येत असेल, तर सांध्यांचा संशय घ्यावा. ज्वाला धरण्यापूर्वीं कांड्या कांहीं मिनिटें नुसत्या धुमसतात आणि त्या वेळीं धूर सर्वांत दाट असतो. खोलींत अंधार करावा, शेगडी पेटवावी आणि विजेरीचा झोत एकेका सांध्यावर टाकावा. शेगडीला पहिली नळी जेथें जोडली आहे ती जागा आणि राख काढण्यासाठीं ठेवलेलें नळीचें झाकण हीं दोन ठिकाणें विशेष पाहावीं. धुराची रेघ दिसली कीं तेथें खडूनें खूण करावी. शेगडी पूर्ण थंड झाल्यावर तो सांधा उष्णता सोसणाऱ्या सिलिकोननें, किंवा नळीच्या निर्मात्यानें सांगितलेल्या साधनानें, बंद करावा. खिडक्यांना लावावयाचें साधें सिलिकोन येथें टिकत नाहीं.

वास सर्व वेळ येत असेल आणि ज्वाला मंद, काचेवर काजळी असेल, तर राखेनें वाट तुंबली आहे, किंवा कांड्या दमट आहेत. दारहि तपासावें. कागदाचा तुकडा धरून दार मिटावें. तो सहज ओढून निघाला तर दाराच्या कडेची दोरी झिजली आहे. मग हवा भलत्या वाटेनें शिरते व जळण अर्धवट होतें.

स्वयंपाकघरांतील पंखा लावल्यावरच वास येत असेल, तर बंद घरांतली हवा कमी पडत आहे. शेगडीला बाहेरची हवा आणणारी स्वतंत्र नळी जोडणें हा त्यावर उपाय. वाऱ्याच्या दिवशींच वास येत असेल, तर नळीचें बाहेरचें तोंड खिडकीजवळ आहे काय, हें निर्मात्याच्या पुस्तिकेंतील अंतराशीं ताडून पाहावें. वीज गेल्यावर येत असेल, तर पंखा थांबला आहे पण विस्तव थांबलेला नाहीं. नळीचा कांहीं भाग उभा वर नेलेला असला, तर अशा वेळीं थोडी नैसर्गिक ओढ तरी राहते.

आतां सर्वांत महत्त्वाचें. वास झांकण्यासाठीं उदबत्ती लावूं नये. तो आपला पहारेकरी आहे. पण या पहारेकऱ्यावरच विसंबूं नये. जळणांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक बळानें चिकटतो. त्याची सूचना देणारें यंत्र निजण्याच्या खोल्यांजवळ असलेंच पाहिजे. तें वाजलें, किंवा घरांतील अनेकांना एकाच वेळीं डोकेदुखी व मळमळ वाटूं लागली, तर कारण शोधीत न बसतां सर्वांनीं मोकळ्या हवेंत जावें आणि तेथून मदत बोलवावी.

जेथें धूर तेथें अग्नि, हें न्यायशास्त्रांतील उदाहरण आपणांस ठाऊक आहे. पण जेथें अग्नि तेथें धूर असतोच असें नाहीं, हेंहि तेंच शास्त्र सांगतें. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. थंड मुलखांत राहणाऱ्या आपल्या मुलांना पुढील पत्र लिहाल, तेव्हां हा दुसरा भाग आठवणीनें लिहावा.