विहिरीतल्या दगडाचं वय

दहा-बारा वर्षांपूर्वी पुसदकडच्या एका गावात विहिरीचं खोदकाम पाहायला गेलो होतो. मी भूगर्भशास्त्राचा मास्तर, त्यामुळे कुठे विहीर खणताना दिसली की पाय आपोआप तिकडे वळतात. सुरुंग लावून फोडलेला काळा पाषाण बाहेर येत होता. शेतमालकाला मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "भाऊ, हा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आहे."

"साडेसहा कोटी? बाप्पा! मोजलं कोनं, सर?"

"शास्त्रज्ञांनी," मी म्हणालो.

"ते कशानं मोजतेत?"

विहिरीच्या काठावर, उन्हात, मजूर ऐकत असताना मला धड सांगता आलं नाही. वर्गात जे सहज सांगत होतो ते तिथे जमलं नाही. तेव्हाचं ते राहिलेलं उत्तर आज देतो.

आधी विहीर नीट पाहू. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कठीण काळा पाषाण. त्याखाली भोकाभोकांचा मांजऱ्या, त्याच्या भोकांत पांढऱ्या गारगोट्या. आणि मध्येच हातभर जाडीचा लाल पट्टा, ज्याला आपण गेरू म्हणतो. हा लाल पट्टा फार बोलका आहे. ज्वालामुखीतून एकदा लाव्हा येऊन थंड झाला, त्याच्यावर वारा-पावसाने माती तयार झाली, मग पुन्हा लाव्हा आला आणि ती माती खाली दबली, असं तो सांगतो. म्हणजे दोन लाव्हांच्या मध्ये काही काळ गेला. पण किती? शंभर वर्षं की लाखभर? नुसत्या डोळ्यांनी ते कळत नाही.

दगडातच एक घड्याळ असतं. पोटॅशियम हे मूलद्रव्य बेसॉल्टमध्ये थोडंफार असतंच. त्याच्या सुमारे दहा हजार अणूंत एखादा अणू किरणोत्सारी असतो आणि ठरलेल्या गतीने मोडत जातो. १२५ कोटी वर्षांत असे निम्मे अणू मोडतात. मोडलेल्यांपैकी दहा टक्क्यांच्या आसपास अणूंचा आरगॉन वायू होतो. लाव्हा पातळ असताना हा वायू उडून जातो, म्हणजे घड्याळ शून्यावर येतं. दगड घट्ट झाला की नवा तयार होणारा आरगॉन आत कोंडला जातो. किती पोटॅशियम शिल्लक आहे आणि किती आरगॉन साठला आहे, हे मोजलं की वय निघतं.

ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात दख्खनच्या दगडांनी शास्त्रज्ञांना बरीच वर्षं चकवलं. दगड कुजला की आरगॉन निसटतो आणि वय कमी दिसतं. उलट, जुना आरगॉन आत अडकून राहिला तर वय जास्त दिसतं. १९७०च्या दशकापर्यंत मोजलेली वयं तीन कोटींपासून आठ कोटी वर्षांपर्यंत पसरलेली होती. म्हणजे आपल्याकडचे ज्वालामुखी पाच कोटी वर्षं धगधगत होते, असा अर्थ निघायचा. तसं असेल तर एकेक लाव्हा अगदी निवांत आला, जगाला त्याची झळ लागायचं कारण नाही.

मग पद्धत सुधारली. दगडाचा नमुना आधी अणुभट्टीत ठेवतात, त्यामुळे पोटॅशियमच्या काही भागाचं रूपांतर वेगळ्या प्रकारच्या आरगॉनमध्ये होतं. मग नमुना टप्प्याटप्प्याने तापवून दोन्ही आरगॉन एकाच यंत्रात मोजतात. कडेचा कुजका भाग आधी वायू सोडतो, आतला ताजा भाग नंतर. सगळ्या टप्प्यांना एकच वय आलं तर दगड खरं बोलतोय, नाही आलं तर तो नमुना बाजूला ठेवायचा. आपल्याकडे अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि मुंबईची आयआयटी इथे हे काम झालं आहे.

दुसरी साक्ष चुंबकत्वाची. पृथ्वीचं चुंबकत्व अधूनमधून उलटं होतं, उत्तर ध्रुवाची दक्षिण होते. लाव्हा थंड होताना त्यातले लोहकण त्या वेळची दिशा धरून ठेवतात. पाच कोटी वर्षांत अशी उलथापालथ कितीतरी वेळा झाली असती. पण सह्याद्रीतल्या थरांचा बहुतेक भाग एकाच उलट्या काळातला निघाला. व्हिन्सेंट कूर्तियो आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये यावरून मांडलं की हे सगळं फार थोड्या काळात घडलं, आणि तेही डायनासोर नाहीसे झाले त्याच सुमारास.

आता तो लाल पट्टा पुन्हा आठवा. ज्वालामुखीच्या राखेतून आलेले झिरकॉनचे बारीक कण त्यात सापडतात. झिरकॉनमध्ये युरेनियम असतं, ते मोडून शिसं होतं आणि हे घड्याळ फारच काटेकोर. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ब्लेअर शोएन यांच्या गटाने घाटातल्या थरांतून असे कण वेचून २०१५ मध्ये निष्कर्ष काढला की मुख्य उद्रेक साडेसात लाख वर्षांतच आटोपला. उद्रेक धक्क्याधक्क्याने झाला की सलग, यावर दोन गटांचा वाद आहे. पण दहा लाख वर्षांच्या आत बहुतेक सगळं उरकलं, यावर दोघांचं एकमत आहे. डायनासोर ज्वालामुखीने मेले की मेक्सिकोत आदळलेल्या अशनीने, हा खटला या आकड्यांवरच लढवला जातो.

या नव्या मोजमापांत तो काळ सहा कोटी साठ लाखांवर आला. मी त्या भाऊंना जुन्या पुस्तकातलं वय सांगितलं होतं. दहा लाख वर्षं माझ्याकडे बाकी राहिली.

घाटातलं मोजमाप यवतमाळला कसं लावायचं, असं कुणी विचारील. तर थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या लाव्हाची रासायनिक ओळख महाबळेश्वरच्या थरांशी जुळते. आपण त्या दोघांच्या मधल्या वाटेवर आहोत. झरी जामणी तालुक्यात शिबला-पार्डीला षटकोनी दगडी खांब सापडल्याच्या बातम्या २०२१ मध्ये आल्या होत्या, तेही याच लाव्हाचे. उन्हाळ्यात आपल्या काळ्या शेताला भेगा पडून तुकडे होतात ना, तसाच लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याचे खांब झाले.

वय कळलं की दगड प्रवासही सांगतो. चुंबकीय कणांचा कल पाहता हा लाव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे पंचवीस ते तीस अंशांवर थंड झाला. आज यवतमाळ उत्तरेला वीस अंशांवर आहे. म्हणजे पाचेक हजार किलोमीटर. सहा कोटी साठ लाखांनी भागा, वर्षाला सात-आठ सेंटिमीटर येतात. सुरुवातीला ही चाल बरीच जोरात होती. आशियाला धडक बसली, हिमालय उभा राहू लागला आणि ती मंदावली. थांबली मात्र नाही.

आणि हा काळा पाषाण म्हणजे नुसती वरची गोधडी आहे. वणीकडे ती फाटते आणि खालचा कोळसा, चुनखडी दिसते. पैनगंगेपलीकडे माहूर-किनवटच्या बाजूला त्याहून जुना ग्रॅनाइट उघडा पडला आहे. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर खोल छिद्र घेतलं, तेव्हा ३३८ मीटर बेसॉल्ट ओलांडल्यावर थोडा गाळाचा थर आणि मग असाच प्राचीन खडक लागला. त्याचं वय सुमारे अडीचशे कोटी वर्षं. आपण ज्याला म्हातारा म्हणतो तो बेसॉल्ट त्याच्यापुढे कालचं पोर. या जुन्या खडकात जुन्या भेगा आहेत आणि उत्तरेकडे सरकणाऱ्या भूखंडाचा दाब त्यांच्यावर आजही आहे.

१० जुलै २०२४ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. हादरे आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातही जाणवले. तासाभरात त्याच भाऊंचा फोन. "सर, तुमचा दगड हालला. आता अजून हालते का?"

मी म्हणालो, तारीख कुणालाच सांगता येत नाही. पण किल्लारीत माणसं मेली ती मुख्यतः घरांमुळे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड धाबं. तुमच्या जुन्या घराच्या भिंतीही तशाच आहेत, त्यांना दाराच्या वर चहूबाजूंनी काँक्रीटचा सलग पट्टा घालून घ्या आणि धाब्यावरची माती उतरवा.

"तो पट्टा कितीले पडते, सर?"

तेवढं मात्र मला गवंड्याला विचारून सांगावं लागलं.