घर ओढणारी गाडी निवडताना

दरवर्षी मार्च महिना लागला, अंगणातील बर्फ ओसरू लागला, की आमच्या न्यू जर्सीतील परिचितांपैकी कोणी ना कोणी विचारतेच, "तुमच्यासारखा लहान ट्रेलर घ्यावा असे मनात आहे, पण त्यासाठी मोठा ट्रक घ्यावा लागेल ना?" चार वर्षांपूर्वी आमच्याही घरात याच प्रश्नावर महिनाभर चर्चा चालली होती. त्या चर्चेत आम्ही जे शिकलो, आणि पहिल्या प्रवासात जे चुकून शिकलो, ते येथे सांगते.

ट्रेलर घेण्यामागे आमचे कारण साधे होते. सासूबाई वर्षातील सहा महिने आमच्याकडे असतात. त्यांना सूर्यास्तापूर्वी जेवायचे असते, पाणी गाळून लागते, आणि कंदमुळे वर्ज्य. महामार्गावरील उपाहारगृहांत त्यांच्यासाठी केळे आणि दूध याखेरीज काही मिळत नसे. मग एकतर त्या घरी राहत किंवा आम्ही. स्वतःची शेगडी, ओटा आणि झोपण्याची जागा चाकांवर बरोबर नेता आली तर त्यांनाही हा देश पाहता येईल, एवढाच विचार होता. वापरलेला, फायबरग्लासचा, सोळा फुटी, अंड्यासारख्या गोल आकाराचा एक ट्रेलर आम्ही पसंत केला. आता तो ओढणार कोण?

यजमानांचे उत्तर तयार होते: पिकअप ट्रक. विक्रेत्यानेही त्यांना भरीस घातले. हा ट्रक नऊ हजार पौंड ओढतो, तुमचा ट्रेलर त्याला जाणवणारसुद्धा नाही, असे त्याचे म्हणणे. पुढच्या रविवारी आम्ही सासूबाईंना घेऊन तो ट्रक पाहावयास गेलो. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना संधिवात आहे. पायरीवर पाय ठेवून, दांडा धरून त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि मग काहीही न बोलता त्या शेजारच्या बाकावर जाऊन बसल्या. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्यांनाच गाडीत चढता येत नव्हते.

आरामदायी गाडी म्हणजे मऊ आसने असा आपला समज असतो. प्रवासाला निघालेल्या कुटुंबात आरामाची व्याख्या सर्वांत दुबळ्या प्रवाशापासून सुरू करावी लागते. मिनीव्हॅनची बैठक साधारण खुर्चीच्या उंचीवर असते, दार बाजूला सरकते, आणि आत जाताना वाकावे किंवा चढावे लागत नाही. सासूबाईंच्या दृष्टीने निवड त्याच दिवशी झाली होती. मिनीव्हॅनला ट्रेलर झेपेल का, हे पाहणे तेवढे उरले होते.

त्यासाठी सर्वप्रथम जाहिरातीतील आकडा बाजूला ठेवावा. अमेरिकेत बहुतेक उत्पादक ओढण्याची क्षमता एका ठरावीक चाचणीने ठरवतात. ॲरिझोनामध्ये डेव्हिस धरणापासून सुमारे ११ मैलांचा, जवळजवळ ३,००० फूट चढाचा रस्ता आहे. वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, ट्रेलरसह गाडीने तो चढ ठरलेल्या किमान वेगाने पार करावा लागतो. चाचणी कठीण आहे, तिच्याविषयी शंका नाही. मात्र तिच्यात गाडीत फक्त दोन माणसे धरलेली असतात, तीही प्रत्येकी १५० पौंडांची. सासूबाई, दोन मुले, तांदळाची पिशवी आणि मुलाची सायकल यांची त्या आकड्यात गणती नाही.

आपल्या कामाचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर, एका लहान पाटीवर छापलेला असतो. प्रवासी आणि सामान मिळून अमुक पौंडांहून अधिक वजन कधीही होता कामा नये, असे ती पाटी सांगते. जोडलेल्या ट्रेलरचा जो भार गाडीच्या मागील गोळ्यावर उभा दाबतो, ज्याला येथे टंग वेट म्हणतात, तोही याच वजनात मोडतो. आम्ही पाहिलेल्या मिनीव्हॅनच्या पाटीवर १,२९० पौंड होते. आम्हा पाच जणांचे वजन ६००, जोडावरचा भार ३००, हिचचा लोखंडी सांगाडा ५०, गाडीतील सामान २००. बेरीज १,१५०. म्हणजे १४० पौंड शिल्लक. फार नव्हे, पण पुरेसे. गंमत अशी की त्या नऊ हजारी ट्रकच्या पाटीवर फक्त १,३८० पौंड होते. कागदावर दुप्पट-तिप्पट ओढणारा तो वाहन-मल्ल, माणसे आणि सामान वाहण्यात आमच्या साध्या गाडीपेक्षा ९० पौंडांनीच पुढे होता! हे वाचून यजमान बराच वेळ त्या दारापाशी उभे राहिले.

खर्चाचा हिशेबही येथेच करावा. गाडी वर्षातून किती दिवस ट्रेलर ओढते? आमची गाडी ट्रेलरसह सुमारे २,००० मैल जाते आणि ट्रेलरविना १२,०००. कार्यालय, शाळा, मंदिर, वाणसामान या रोजच्या धावपळीत गॅलनला २० मैल देणारा ट्रक ६०० गॅलन पेट्रोल घेईल. ३५ मैल देणारी हायब्रिड मिनीव्हॅन सुमारे ३४३. गॅलन सव्वातीन डॉलर धरला तर वर्षाला आठशेहून अधिक डॉलरांचा फरक पडतो, आणि त्यात ट्रेलरचा संबंधच नाही. ट्रेलर जोडल्यावर आमच्या गाडीची सरासरी २० मैलांच्या आसपास येते. एवढी घट सर्वच गाड्यांत थोड्याफार फरकाने होते, हे मानूनच चालावे.

ही घट वजनापेक्षा वाऱ्यामुळे अधिक होते. सपाट रस्त्यावर वेग एकदा आला की वजन ओढण्यास फारशी शक्ती लागत नाही. समोरची हवा मात्र क्षणोक्षणी बाजूला सारावी लागते. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५५ मैलांवरून ६५ वर गेलो, तर वेग अठरा टक्क्यांनी वाढतो आणि रोध सुमारे चाळीस टक्क्यांनी. म्हणून सारख्याच वजनाच्या दोन ट्रेलरांपैकी उंच, चौकोनी, भिंतीसारखा ट्रेलर लहान गाडीला दमवतो, आणि गोल तोंडाचा, गाडीच्या आडोशात बसणारा ट्रेलर तिला झेपतो. काही गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत ट्रेलरच्या दर्शनी क्षेत्रफळाचीही मर्यादा दिलेली असते. ते पान विक्रेता दाखवत नाही; स्वतः शोधावे लागते. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांना ताशी ५५ मैलांचीच कायदेशीर मर्यादा आहे. आम्ही पूर्वेकडेही ५८-६० च्या पुढे जात नाही. मागून येणाऱ्यांना घाई असते, त्यांनी पुढे जावे.

आता आमच्या चुकीकडे येते.

पहिला मोठा प्रवास व्हर्जिनियातील शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानाचा होता. घरापासून सुमारे साडेतीनशे मैल. मी ट्रेलरमध्ये सामान लावले ते स्वयंपाकघराच्या सोयीने. डबे, पीठ, डाळी, कुकर, तवा, सारे मागच्या कपाटात. पाण्याची टाकीही आमच्या ट्रेलरमध्ये मागेच आहे. १२ गॅलन पाणी म्हणजे शंभर पौंड. ते घरूनच गाळून, काठोकाठ भरून घेतले. सायकलही मागच्या बाजूलाच बांधली. एकूण वजन मर्यादेत असल्याची मी खात्री केली होती, आणि तेवढ्यावर समाधान मानले होते.

हॅरिसबर्गनंतर आंतरराज्य महामार्ग ८१ लागतो. त्यावर मालट्रकांची अखंड रांग असते. एका उतारावर एक मोठा ट्रक शेजारून पुढे गेला आणि त्याच्या वाऱ्याने ट्रेलर डोलला. आधी थोडा, मग अधिक, आणि मग शेपटीने कुत्र्याला हलवावे तशी आमची गाडी हलू लागली. मुले ओरडली. यजमानांचा पाय ब्रेककडे गेला असावा, पण त्यांनी तो आवरला. सुकाणू सरळ धरून त्यांनी वेगाचे पेडल हळूहळू सोडले आणि हाताने ट्रेलरचे विजेचे ब्रेक दाबले. दहा-बारा सेकंदांत ट्रेलर शांत झाला. अशा वेळी गाडीचे ब्रेक जोरात दाबले तर मागचे वजन गाडीवर येऊन ती आडवी होऊ शकते. वेग वाढवून सावरण्याचा मोहही तितकाच घातक.

पुढच्या विश्रांतीस्थळी थांबलो. कोणी बोलत नव्हते. सासूबाई खाली उतरल्या, ट्रेलरभोवती एक फेरी मारली, मागच्या कपाटाकडे पाहिले आणि मुलाला म्हणाल्या, "अरे, गाडी उलाळ झालीया की. मागं एवढं जड भरलंस, तर ती डुलणारच."

त्यांचे माहेर सांगली जिल्ह्यातील. लहानपणी घरी बैलगाड्या होत्या. गाडीत मागे वजन जास्त झाले, की पुढचे जू उचलले जाते. त्या गाडीला तिकडे उलाळ झाली म्हणतात. पुढे फार भरले तर बैलांच्या मानेवर नको तितका भार येतो. म्हणून धान्याची पोती चाकाच्या किंचित पुढे रचावयाची, एवढे त्यांना दहाव्या वर्षीच ठाऊक होते. आम्ही दोघे अभियंते मात्र एकूण वजनाची बेरीज करीत बसलो होतो.

जवळच्या ट्रकतळावर वजनकाटा होता. अल्प शुल्क देऊन आधी गाडी ट्रेलरसह आणि मग एकटी काट्यावर उभी केली. ट्रेलर जोडलेला असताना गाडीच्या चाकांवर जितके वजन अधिक दिसते, तो जोडावरचा भार. भरलेल्या ट्रेलरचे वजन २,६४० पौंड निघाले, विक्रीच्या कागदावरील १,९०० पेक्षा तब्बल ७४० ने अधिक. आणि जोडावरचा भार १७०, म्हणजे साडेसहा टक्क्यांहूनही कमी. तो १० ते १५ टक्के असावा लागतो. आम्ही टाकी रिकामी केली, पीठ-डाळी चाकांच्या पुढे आणल्या, सायकल गाडीवर घेतली. भार ३०० पौंडांवर आला. न्यू मार्केटहून लुरेकडे जाताना मधला डोंगर ओलांडावा लागतो. तो चढून उतरलो, तेव्हा मागे ट्रेलर आहे हे केवळ आरशातून कळत होते.

यातून गाडीच्या निवडीविषयीही एक गोष्ट निघते. ज्या गाड्यांची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड असते, त्यांची जोडावरच्या भाराची मर्यादा सहसा ३५० पौंड असते. १२ टक्के भार धरला तर त्या गाडीने प्रत्यक्षात २,९०० पौंडांपर्यंतचाच ट्रेलर घ्यावा. ३,५०० च्या गाडीमागे ३,५०० चा ट्रेलर हा हिशेब कागदावरच जुळतो.

टोयोटा सिएना हायब्रिड आणि होंडा ओडिसी, दोन्ही याच ३,५०० च्या वर्गातील. पैकी सिएना इंधनात उजवी. टोयोटा हायलँडरची साधी पेट्रोल गाडी ५,००० पौंडांपर्यंत ओढते आणि हायब्रिड ३,५०० पर्यंत. होंडा पायलट चारही चाकांना शक्ती देणारी घेतली तर ५,०००. डोंगराळ पश्चिमेकडे राहणाऱ्यांनी या दोघींचा विचार जरूर करावा, चढावर हाताशी राखीव शक्ती असलेली बरी. दोघेच असाल आणि तेरा फुटी ट्रेलर पुरत असेल तर १,७५० पौंड ओढणारी आरएव्ही-४ हायब्रिडही चालू शकेल, पण तेथे प्रत्येक पातेले मोजावे लागेल. विजेवरील गाड्या ओढण्यात कमी नाहीत. ट्रेलर जोडला की त्यांचा पल्ला निम्म्याच्या आसपास येतो, आणि बहुतेक चार्जिंग केंद्रांवर ट्रेलर सोडून गाडी लावावी लागते. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असताना मला तो उपद्व्याप नको वाटतो. इतरांचे मत वेगळे असू शकेल.

गाडीच्या किमतीत न दिसणारा एक खर्च मात्र टाळू नये. अनेक मिनीव्हॅनना ट्रेलरचे केवळ दिवे पेटवणारी चार पिनांची जोडणीच मिळते. विजेच्या ब्रेकसाठी सात पिनांची जोडणी आणि चालकाच्या हाताशी ब्रेकचा नियंत्रक वेगळा बसवून घ्यावा लागतो. अनेक राज्यांत ३,००० पौंडांहून जड ट्रेलरलाच ब्रेक सक्तीचे आहेत. आमचा त्याहून हलका होता, म्हणून विक्रेता नियंत्रक नको म्हणत होता. महामार्ग ८१ वरील त्या उतारावर आम्हाला त्यानेच हात दिला.

आणि नवी गाडी घेणार असाल तर माहितीपुस्तिका आधी वाचा. पहिल्या ५०० मैलांत ट्रेलर जोडू नये, असे अनेक उत्पादक सांगतात. आम्ही ते गाडी घेतल्यावर वाचले. तोवर बिग मेडोज तळावरील जागा तीन आठवड्यांवर आरक्षित झाली होती. म्हणून मग यजमान रोज संध्याकाळी जेवण झाल्यावर सासूबाईंना शेजारी बसवून, काही काम नसताना, उगाच चाळीस मैल फिरून येत.