सूची हवी, पण किती?

नवी मुंबईत बेलापूरला स्टेट बँकेचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र आहे. बँकेची खाती कोट्यवधी. तरीही खातेक्रमांक देताच शिल्लक क्षणात पडद्यावर येते. हे कसे साधते?

समजा, एका कोष्टकात १ कोटी खाती कशीही लिहिली आहेत. पहिल्या ओळीपासून शोधू लागलात, तर सरासरी ५० लाख ओळी वाचाव्या लागतील. पण खातेक्रमांकांची क्रमवार सूची असेल, तर दर वेळी निम्मा भाग वगळत २४ पायऱ्यांत खाते सापडते. कारण २ चा २४ वा घात १ कोटी ६७ लाखांहून अधिक आहे. संगणकातील सूची बहुधा झाडासारखी रचतात. प्रत्येक फांदीला १०० फाटे असतील, तर ४ पायऱ्या पुरतात! बायर आणि मॅक्क्राइट यांनी ही ‘बी-वृक्ष’ रचना १९७२ साली प्रसिद्ध केली.

मग प्रत्येक रकान्याची सूची का करू नये? उत्तर ग्रंथालयात आहे. लेखक, शीर्षक आणि विषय अशा तीन सूची असतील, तर नवे पुस्तक एकच आले तरी कार्डे तीन लिहावी लागतात. डेटाबेसचेही तसेच. दहा सूची असतील, तर एका नव्या नोंदीमागे दहा ठिकाणी लिहिणे आले. शोधणे झटपट होते, पण लिहिणे मंदावते, जागाही अडते. म्हणून कोणी वापरत नाही ती सूची काढून टाकणे शहाणपणाचे. त्याने माहिती पुसली जात नाही. कार्डांचा खण रिकामा केला, तरी पुस्तके कपाटातच राहतात.

मात्र घाई नको. एखादी सूची वर्षातून एकदाच, ३१ मार्चच्या हिशेबाला लागते. ती गेली, तर मिनिटांचे काम तासांवर जाते. काही सूची पहारेकरी असतात. एकच खातेक्रमांक दोघांना जाऊ नये, हे त्याच पाहतात. त्यांना हात लावू नये. काही प्रणालींत संशयित सूची आधी नुसती झाकून ठेवता येते. कामे अडली, तर ती पुन्हा उघडावी. नाही अडली, तर काढावी.

करून पाहा : शाळेच्या ग्रंथालयात कोणती सूची किती वेळा पाहिली जाते, याची महिनाभर नोंद ठेवा. त्यांतली एक काढायची, तर कोणती? आणि महिनाभराची नोंद त्यासाठी पुरेशी आहे का? शिक्षकांशी चर्चा करा.